निवडुंगाला पाणी लागते

रोपवाटिकेतून निवडुंग विकत घेतला की त्याच्याबरोबर एक वाक्य फुकट मिळते : ‘‘याला काही करावं लागत नाही.’’ मराठी समीक्षेतही हेच वाक्य गेली कित्येक वर्षे फिरते आहे. तिथे ते अर्थातच अधिक भारदस्त वेशात येते. ‘उपेक्षेच्या खडकावर तग धरलेली निवडुंगी जाणीव’, ‘ओलाव्यावाचून फुललेली कविता’, ‘काटेरी एकाकीपणाचे सौंदर्य’ ही अशा वाक्यांची धाटणी. परीक्षणांत, प्रस्तावनांत, एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत आणि (हे कबूल करायला हवे) प्रस्तुत लेखकाच्या जुन्या लेखांतही ती सापडेल. या लेखाचा रोख त्या वाक्यावर आहे. कुंडीतल्या निवडुंगाबाबत ते साफ खोटे आहे. आणि मुळातली वस्तूच जर आपण धड पाहिलेली नसेल, तर तिच्यावर उभारलेल्या रूपकाची मातब्बरी ती काय?

सुरुवात माझ्याच गुन्ह्यापासून करतो. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गाने निरोपसमारंभात मला चिनी मातीच्या सुबक पेल्यात लावलेला मुठीएवढा निवडुंग दिला. टेबलाच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटखाली त्याची स्थापना झाली. तास संपवून आलो की बाटलीत उरलेले पाणी मी त्याच्या बुडाशी ओतत असे. पावसाळ्यात तो उंच होऊ लागला. गोल अंगातून एक फिकट, निमुळता शेंडा वर निघाला. ‘वाढतोय’ असे मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगितले. सप्टेंबरातल्या एका सकाळी तो कलंडला. उचलायला गेलो तर साल अखंड आणि आत नुसता लगदा.

वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी ते प्रेत पाहिले आणि तीन प्रश्न विचारले. हा नेमका कोणता? तो मूळचा कुठला? आणि पेल्याला भोक कुठे आहे? एकाचेही उत्तर मजपाशी नव्हते. तो निमुळता शेंडा म्हणजे वाढ नव्हतीच. उजेड मिळत नसल्यामुळे झाड उजेडाच्या शोधात आपली साठवण खर्चून ताणले गेले होते. अर्ध्या आयुष्यभर इतरांना प्रतिमांचे अर्थ समजावून सांगणाऱ्या माणसाला समोरची खूण उलटी लागली, एवढाच याचा अर्थ.

‘हा नेमका कोणता’ या प्रश्नापाशी थोडे थांबू. मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द किमान दोन सर्वस्वी वेगळ्या कुळांवर पांघरलेला आहे. बांधावरचा त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर ही युफोर्बियाच्या कुळातली झाडे. कापली की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यांत गेला तर फार वाईट. संस्कृत वैद्यकातली स्नुही याच गोतावळ्यातली. क्षारसूत्र तयार करताना तिचा चीक आजही वापरतात. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस. कॅक्टसचे कूळ अमेरिका खंडांतले. आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेपर्यंत आपसूक पोहोचलेली रिप्सॅलिसची एक जात सोडली, तर जुन्या जगात एकही कॅक्टस मूळचा नाही. सहाराच्या वाळवंटातसुद्धा नाही. म्हणजे फड्या आपल्याकडे आला तो १४९२ नंतर कधीतरी, युरोपीय जहाजांच्या मागोमाग. खात्रीची खूण म्हणाल तर ती चिकात शोधू नये (मॅमिलारियाच्या काही जातींनाही दुधी रस असतो), काट्याच्या मुळाशी शोधावी. कॅक्टसचा काटा लोकरीसारख्या एका बारीक गादीतून उगवतो. फूल आणि नवी फांदीही त्याच गादीतून. युफोर्बियाला ही गादी नसते. वर्गात ‘निवडुंगाची प्रतिमा’ शिकवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ही गादी कधी पाहिली आहे?

शब्दाची मराठीतली स्मृती तपासली तरी ओसाडी हाती लागत नाही. पुण्याच्या नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा प्रसिद्ध आहे. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली अशी आख्यायिका, आणि तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते ती याच देवळात. निवडुंग इथे देवाचे घर आहे. शेताच्या बांधावर तो कुंपण आहे, आणि कुंपण घालतात ते आत राखण्यासारखे काही असते म्हणून. निवडुंगाची रांग दिसली की पलीकडे पीक आहे, गोठा आहे, माणूस आहे, हे खेड्यातल्या पोराला सांगावे लागत नसे.

मग हा मृतभूमीचा, शुष्क, अस्तित्ववादी निवडुंग आपल्या लिखाणात शिरला कुठून? माझा कयास असा की तो बांधावरून आलेला नसून इंग्रजी साहित्याच्या वर्गातून आला आहे. एलियटच्या ‘द हॉलो मेन’मध्ये (१९२५) निवडुंग निर्जीव प्रदेशाची खूण म्हणून येतो. एलियटच्या कवितेत तो चपखल आहे. तक्रार त्याच्याबद्दल नाही. तक्रार आहे ती एका कवितेतली खूण उचलून तिला निसर्गनियमाचा दर्जा देणाऱ्यांबद्दल. ज्या भूमीत हे झाड जन्मले तिथले लोक त्याच्याकडे कसे पाहतात? मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर गरुड बसला आहे तो निवडुंगावर. अझ्टेकांच्या तेनोचतित्लान या राजधानीच्या नावाची प्रचलित फोडच ‘खडक’ आणि ‘निवडुंगाचे फळ’ अशी आहे. एका महानगराच्या स्थापनेची ती खूण. फड्याची कोवळी पाने तिथे रोजच्या भाजीत असतात. उत्तरेला सोनोराच्या वाळवंटात सग्वारो नावाचा अजस्र निवडुंग वाढतो. तिथे वर्षातून दोनदा पावसाचा हंगाम येतो, आणि उन्हाळी हंगामाला तिथली माणसे ‘मॉन्सून’च म्हणतात. सग्वारोची फळे पावसाच्या तोंडावर पिकतात. तोहोनो ओओधाम लोक त्या फळांचे मद्य करून पावसाला बोलावण्याचा विधी करतात. जिथले लोक ज्या झाडाच्या फळाने पावसाला हाक मारतात, ते झाड आपण ‘ओलाव्यावाचून जगणारे’ म्हणून शिकवतो.

आणि ‘अमर’? १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात कोचिनील नावाचा किडा ब्राझीलहून भारतात आणला गेला. किरमिजी रंगाच्या व्यापारातली स्पेनची मक्तेदारी मोडावी, असा हेतू. किडा ओळखण्यात चूक झाली. आला तो दुसऱ्याच जातीचा, रंगाला निकस. त्याने रंग फारसा दिला नाही, पण फड्याची एक जात मोठ्या प्रदेशातून जवळपास संपवली. पुढे १९२६ मध्ये फड्याच्या दुसऱ्या एका जातीचे रान आवरण्यासाठी त्याच्या भाऊबंदांपैकी एक किडा श्रीलंकेहून मुद्दाम आणला, तेव्हा दक्षिण भारतात तेच दृश्य पुन्हा दिसले. पिठ्या ढेकणाच्या नात्यातला एक इवलासा जीव ‘काही लागत नाही’ अशा झाडाची राने पाडू शकतो. आपल्या खिडकीतल्या कुंडीत साधा पिठ्या ढेकूण कापसासारखा काट्यांच्या बेचक्यात बसतो, आणि आपण त्याला झाडाची लव समजून सोडून देतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने तो वेळीच टिपला तर झाड वाचते. पण टिपायचा तर आधी दिसायला हवा.

सर्वांत मोठी गंमत पुढेच आहे. काटेरी झाड घरात नको, वास्तूला बरे नाही, असे सांगणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्याच घरांच्या गच्चीवर पावसाळ्यात एका रात्री शेजारीपाजारी जमतात, आरती होते, छायाचित्रे निघतात, कारण ‘ब्रह्मकमळ’ उमलणार असते. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ, उत्तराखंडाचे राज्यपुष्प, हे सूर्यफुलाच्या कुळातले. ते पुण्या-मुंबईच्या गच्चीत येत नाही. गच्चीत उमलते ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातला, झाडांच्या आधाराने वाढणारा एक कॅक्टस. ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचे चपटे खोड, आणि त्या खोडाच्या काठावरच्या खाचेत तीच ती गादी. निवडुंग म्हणून दाराबाहेर, ब्रह्मकमळ म्हणून देव्हाऱ्यापाशी! सांगली-सोलापूरच्या शेतांतले ड्रॅगन फ्रूटही कॅक्टसचेच फळ. गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याचे ‘कमलम’ असे बारसे केले. कमळ म्हटले की काटा बोचत नाही, असे दिसते. नावावरून वाचणारा समाज म्हणजे काय, याचे याहून सुबोध उदाहरण मी वर्गात देऊ शकलेलो नाही.

आता हे ब्रह्मकमळ आणि टेबलावरचा गोल मॅमिलारिया, दोघांना एकच ‘निवडुंगी’ निगा दिली तर एक नक्की मरतो. जंगलातल्याला गाळीव उजेड हवा, पालापाचोळ्याची भुसभुशीत माती हवी, मुळांशी ओल टिकायला हवी. वाळवंटी गोत्रातल्याला खिडकीतले थेट ऊन हवे आणि निम्म्याहून अधिक भरड वाळू, विटांचे बारीक तुकडे किंवा परलाइट असलेली माती. पाणी घालायचे तर तळातल्या भोकातून वाहून जाईपर्यंत भरपूर घालायचे, आणि मग कुंडी तळापर्यंत कोरडी होईतो हात आखडायचा. ‘आठवड्याला दोन चमचे’ हा सल्ला निरर्थक आहे. दोन चमच्यांनी वरची माती भिजते आणि खालची मुळे तहानलेलीच राहतात. आपल्याकडे खरा घात पावसाळा करतो. हवाच इतकी ओली की माती दोन-दोन आठवडे वाळत नाही. त्या दिवसांत कुंडी पागोळ्यांपासून दूर आणि वाऱ्याशी जवळ ठेवावी. थंडीत झाड विसावते, तेव्हा महिन्यातून एखाद्या वेळी पाणी पुरते. सावलीतला निवडुंग एकदम एप्रिलच्या उन्हात नेला तर साल भाजून कायमचे डाग पडतात. त्याला उन्हाची सवय दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावी लागते. कुंडी बदलताना वर्तमानपत्राच्या घडीची पट्टी करून त्याला धरावे, आणि दुखावलेली मुळे वाळेपर्यंत आठवडाभर पाणी देऊ नये. ही सगळी निगाच आहे. ती रोज दिसत नाही, म्हणून नसते असे कसे म्हणायचे?

ती अशी का, याचे कारण निवडुंगाच्या श्वासात आहे. बहुतेक झाडे दिवसा त्वचेची छिद्रे उघडतात. निवडुंग ती रात्री उघडतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारे बंद करून उन्हात त्या साठ्यावर काम करतो. या व्यवहाराची एक अगदी आरंभीची नोंद भारतातली आहे. बेंजामिन हाइने हे कंपनीच्या सेवेतले निसर्गअभ्यासक. पानफुटीची पाने चावून पाहताना त्यांना आढळले की पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ मध्ये छापले. पानफुटी कॅक्टस नव्हे, पण रात्री श्वास घेण्याची रीत तीच. आपल्या पणजीच्या परसात पानफुटी होती. एकच पान दिवसातून तीनदा चाखून पाहण्याची बुद्धी मात्र हाइने यांना झाली. आपण कवितासंग्रह एकदा चाखतो. तोही बहुधा मलपृष्ठाकडून.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो वजनदार आहे. रूपकाला वनस्पतिशास्त्राची अट कशाला? चातक पावसाचेच थेंब पितो काय? हंस दूध आणि पाणी वेगळे करतो काय? नाही करत. पण तो कविसंकेत आहे हे कवीला ठाऊक असते, वाचकाला ठाऊक असते, आणि दोघेही त्या संमतीने खेळतात. समीक्षेतला निवडुंग संकेत म्हणून येत नाही. तो ‘दाहक वास्तव’ म्हणून येतो, मातीचा हवाला देत येतो. जो मातीची साक्ष काढतो त्याची उलटतपासणी मातीवरच व्हायची.

आणि ही केवळ अचूकतेची किरकोळ बाब असती तर मी एवढे शब्द खर्चले नसते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा पहिला कवितासंग्रह काही काळापूर्वी आला. मुलगा मराठवाड्यातल्या अवर्षणाच्या तालुक्यातला. संग्रहाचे एक परीक्षण छापून आले, स्तुतिपर. त्यात तो ‘कशाचाही आधार नसताना खडकावर उगवलेला निवडुंग’ होता आणि त्याची कविता ‘ओलाव्यावाचून’ वाढली होती. मी अभिनंदनाचा फोन केला. तो नेहमीच्या संथ आवाजात म्हणाला, ‘‘सर, त्यांना पुस्तकात पाणी दिसलंच नाही का हो?’’

मी संग्रह पुन्हा काढून बसलो. पाण्यावाचूनची कविता शोधावी लागली. टँकरमागे धावणाऱ्या घागरी, आटलेल्या विहिरीत उतरणारा बाप, पहिल्या सरीला उंबऱ्यात उभी राहणारी आजी. पानापानावर ओल आहे, तिची वाट आहे, तिचा हिशोब आहे. आणि ‘कशाचाही आधार नसताना’ हे तर धडधडीत असत्य. शाळेतल्या एका बाईंनी वाचनालयाच्या कपाटाची किल्ली त्याच्या हाती दिली होती. मावशीने वसतिगृहाचे पैसे भरले होते, पहिल्या वर्षाचे पाटल्या विकून. शिष्यवृत्ती आठ महिने उशिरा आली तेव्हा खोलीतल्या दोघांनी आपल्या डब्यातले वाटून त्याला जेवू घातले होते. यांतले बरेचसे संग्रहाच्या अर्पणपत्रिकेतच आहे. परीक्षणकर्त्याला ते दिसू नये, कारण निवडुंगाचे रूपक एकदा बसवले की पाणी घालणारे सगळे हात आपोआप चित्राबाहेर जातात. शिष्यवृत्ती उशिरा पाठवणाराही त्यांच्याबरोबर निसटतो. ज्याला काही लागत नाही त्याला काही द्यायलाही लागत नाही. बायकांच्या सोशीकपणाची, दलित आत्मकथनांतल्या चिवटपणाची, कोरडवाहू शेतकऱ्याच्या ‘कणखर’ बाण्याची तारीफ आपण याच चालीवर करत आलो आहोत. तारीफ स्वस्त पडते.

रोपवाटिकांत अलीकडे लाल-पिवळ्या गोंड्याचे निवडुंग मिळतात. ‘मून कॅक्टस’ म्हणतात त्यांना. तो रंगीत गोळा म्हणजे हरितद्रव्य नसलेला एक कॅक्टस. स्वतःचे अन्न त्याला करता येत नाही, म्हणून तो दुसऱ्या हिरव्या कॅक्टसच्या खुंटावर कलम केलेला असतो. खुंट जगवतो, गोळा मिरवतो. दुसरा प्रकार याहून वाईट : साध्या निवडुंगाच्या माथ्यावर गरम गोंदाने वाळकी फुले चिकटवून विकतात. फूल आठवडेच्या आठवडे कोमेजत नाही आणि गिऱ्हाईक खूश होते. नखाने हलकेच उचलून पाहिले तर खाली गोंदाचा ठिपका आणि भाजलेला कोंब. मी त्या परीक्षणाकडे पुन्हा वळून पाहिले तेव्हा मला हा ठिपका आठवला. माझ्या काही जुन्या लेखांतही तो मला सापडला आहे. त्यांपैकी दोन लेख अजून संदर्भसूचींतून फिरत असतात, त्याला आता इलाज नाही.

तो विद्यार्थी गेल्या आठवड्यात येऊन गेला. येताना बांधावरच्या फड्याचे एक पान वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. ‘‘सर, लगेच लावू नका,’’ तो म्हणाला. ‘‘कापलेली बाजू सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या. ओली लावली तर कुजतं.’’ बारीक कुसळे बोटांत गेली तर चिकटपट्टीने ओढून काढायची, हेही त्याने दाखवले. माझ्या बोटांत ती तोवर गेलेलीच होती. आज सहावा दिवस. पान खिडकीशी कागदावर पडून आहे, कापलेल्या कडेवर पांढुरकी खपली धरू लागली आहे. मातीची कुंडी आणून ठेवली आहे, आणि या खेपेला तिला भोक आहे हे मी आधी पाहून घेतले.